मुदतीला टांगलेली क्रेन

मित्रांनो, जरा मान वर करून बघा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या फौंड्रीच्या छताखाली, दोन रुळांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी पसरलेली पिवळी क्रेन दिसते ना, ती मी. रंग उडाला आहे, अंगावर काजळी बसली आहे. तरी मी अजून चालते. मध्यंतरी मात्र एक काळ असा आला होता, की चालणं राहू द्या, उद्या आपण क्रेन तरी राहू का, हेच मला ठाऊक नव्हतं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तुकड्यातुकड्यांनी ट्रकात बसून मी कोल्हापूरला आले. मला आणलं अण्णाप्पांनी. कुरुंदवाडच्या शेतकरी घरातला हा माणूस. भावांनी ऊस धरला, यांनी लोखंड धरलं. मला रुळांवर चढवलं त्या दिवशी ते खाली उभे राहून सारखे ओरडत होते, "सावकाश रं! तिला लागंल!" लोखंडाला लागेल म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

माझं काम जोखमीचं होतं. भट्टीत वितळलेलं लोखंड एका मोठ्या भांड्यात ओततात. ते लालभडक भांडं हुकाला घेऊन मी साच्यांपर्यंत न्यायची. जरासा हिसका बसला तर खालच्या माणसांची राख. म्हणून मला चालवायला कृष्णात होता. गडमुडशिंगीहून मोटरसायकलवर यायचा, शिडी चढून माझ्या केबिनमध्ये बसायचा आणि पहिलं भांडं उचलण्याआधी म्हणायचा, "नीट वाग बाई, खाली लेकुरवाळी माणसं हाईत." त्याच्या हाताखाली माझ्याकडून कधी थेंब सांडला नाही. बाहेरून पाहुणे आले की अण्णाप्पा कौतुकानं माझ्याकडे बोट करायचे. दसऱ्याला सगळ्यांत मोठा झेंडूचा हार माझ्या हुकाला असायचा.

मग ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं आमचा माल घेणं बंद केलं. अण्णाप्पांनी तिच्याच भरवशावर कर्ज काढून नवी शेड बांधली होती. हप्ते थकले, भट्टी एक दिवसाआड पेटू लागली, आणि शेवटी बँकेनं कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या मुंबईच्या न्यायाधिकरणाचं दार ठोठावलं. एका सकाळी भट्टी पेटलीच नाही. शेडमध्ये एक अनोळखी बाई आल्या. त्यांचं नाव प्राची. कंपनीचा कारभार सांभाळायला न्यायाधिकरणानं त्यांना नेमलं होतं.

अण्णाप्पा सवयीनं आलेच होते. प्राचीमॅडम त्यांना म्हणाल्या, "अण्णा, आजपासून सही माझी चालेल. पण तुम्ही बसा ना, खुर्ची घ्या."

"नको," अण्णाप्पा म्हणाले. "ह्या शेडमंदी मी कधी बसलो न्हाय. उभाच बरा हाय."

त्या दिवशी मॅडमनी कामगारांना गोळा करून कायदा समजावून सांगितला. कर्ज न फिटणाऱ्या कंपनीला कायदा एक मुदत देतो. एकशे ऐंशी दिवस. तेवढ्यात कंपनी विकत घेऊन चालवणारा कुणी सापडला आणि कर्ज देणाऱ्या बँकांच्या समितीला त्याची योजना पटली, तर कारखाना वाचतो. नाही सापडला, तर सगळं मोडीत. मुदत वाढवून मिळू शकते, पण मागावी लागते, आणि का हवी ते सांगावं लागतं.

मित्रांनो, मोडीत हा शब्द ऐकून माझ्या सगळ्या बोल्टांत गारठा शिरला.

पुढच्या दिवसांत माणसं येऊ लागली. काही जण खाली बघत चालत. ते भट्टी आणि साचे पाहायला आलेले असत. काही जण थेट वर बघत. एकजण सोबत्याला म्हणाला, "हिचं लोखंड चांगलं निघंल की! गॅस कटर लावायचा, दोन दिवसांत खाली." त्यानंतर शेडचं दार करकरलं की मला वाटायचं, कटरच आला. माझ्या केबिनमध्ये पारवे राहायला आले. तारेच्या दोराला गंज धरू लागला. वापर नसलेल्या यंत्राला म्हातारपण फार लवकर येतं.

एक माणूस मात्र वेगळा निघाला. पेठ वडगावचा सौमित्र. पंपांचे भाग बनवण्याचा त्याचा छोटा कारखाना होता. तो भट्टीपाशी गेला, साच्यांची वाळू मुठीत घेऊन बघितली आणि म्हणाला, "मला हे चालवायचंय, मॅडम. विकायचं नाही." पण त्याच्या पैशाची जुळणी व्हायची होती. एकशे ऐंशी दिवस संपत आले, तेव्हा प्राचीमॅडमनी बँकांच्या समितीचा ठराव घेतला, न्यायाधिकरणाकडे अर्ज केला आणि नव्वद दिवस वाढवून मिळवले.

ती बातमी आली तेव्हा गेटवर कामगारांनी जिलबी वाटली. मलाही वाटलं, सुटले.

आणि इथंच सगळे चुकले. मुदत वाढली म्हणजे काम झालं, असंच जो तो समजून बसला. सौमित्र म्हणाला, आता घाई नको, नीट करू. बँकेचे मोठे साहेब म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. पुढची बैठक आली, तिच्यात पुढच्या बैठकीची तारीख ठरली. प्राचीमॅडम फोन करून करून दमल्या. वाढवून मिळालेले दिवस फाटक्या पोत्यातल्या वाळूसारखे गळून गेले. मी वरून नुसती बघत होते. हुक रिकामा असला की फार जड वाटतो.

कृष्णात अधूनमधून येऊन केबिनमधले पारवे हाकलायचा. पगार कधीच थांबला होता. तो शाळेची रिक्षा चालवत होता. एके दुपारी त्याची बायको दीपा गेटातून थेट आत आली. आवाज असा, की शेड घुमली.

"सारखं हितंच येऊन काय बघतासा? त्या क्रेनला काय पिल्लं हुणार हाईत?"

"मुदत हाय गं अजून," कृष्णात म्हणाला.

"मुदत त्यास्नी हाय! आपल्याला कोण देतंय? घरमालक देतोय? पोरीचं कॉलेज देतंय?" मग तिचा आवाज खाली आला. "होस्पेटच्या कारखान्यातनं बोलावणं आलंय न्हवं? सोमवारी हजर व्हा म्हनत्यात. जावा की."

खाली मान घालून कृष्णातनं हाताला लागलेलं वंगण पुसलं, पुन्हा पुसलं. ते कधीच निघालं होतं.

मुदत पुन्हा संपायला आली. कायद्यानं आखलेली शेवटची रेघ तीनशे तीस दिवसांची. तिथपर्यंतचे उरलेले दिवस मिळाले तरच काही होणार होतं. पण बँकेचे साहेब आता अडून बसले. शेडमध्ये उभं राहून ते म्हणाले, "पुन्हा मुदत कशाला? यंत्रं सडली आहेत. मोडीत काढा, मिळेल ते घेऊ आणि मोकळे होऊ." त्यांच्या मताशिवाय ठराव होणार नव्हता.

प्राचीमॅडम म्हणाल्या, "सडली आहेत की नाहीत, ते शनिवारी बघा. क्रेन चालवून दाखवते. भट्टीचं नंतर बोलू."

त्यांनी कृष्णातला फोन केला. सोमवारी त्याला होस्पेटला हजर व्हायचं होतं, तरी शनिवारी तो आला. चार दिवस आधीच मेकॅनिक येऊन माझा दोर बदलून, ब्रेक तपासून गेला होता. पण मला माझीच खात्री वाटत नव्हती. इतके महिने मी काही उचललेलं नव्हतं.

खाली दोरी बांधून सगळ्यांना लांब उभं केलं. एका बाजूला बँकेचे साहेब, सौमित्र, प्राचीमॅडम. दाराशी अण्णाप्पा, उभेच. रद्द झालेल्या ओतीव भागांनी भरलेली लोखंडी पेटी माझ्या हुकाला लावली. कृष्णात केबिनमध्ये चढला. आज तो मला काहीच म्हणाला नाही.

पेटी उचलली. मी कण्हले. रुळावरून निघाले, तशी गंजाची धूळ खाली पडली. अर्ध्या वाटेवर कृष्णातनं मला थांबवलं, आणि पेटी घसरली. वीतभर. कुणीतरी ओरडलं. अण्णाप्पांनी डोळे मिटले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या सगळ्या आयुष्याचा भार ब्रेकच्या दोन पट्ट्यांवर होता.

मग ब्रेक धरला. पेटी जागच्या जागी थांबली, हललीसुद्धा नाही. कृष्णातनं ती सावकाश पलीकडे नेली आणि जमिनीवर अशी टेकवली, की आवाज झाला नाही.

बँकेचे साहेब दोरीपाशी येऊन वर बघू लागले. मग म्हणाले, "घसरली होती."

"हो," प्राचीमॅडम म्हणाल्या. "आणि थांबली. ब्रेक दुरुस्त होतो, साहेब. मोडीत काढलेली क्रेन परत जोडता येत नाही."

समितीचा ठराव झाला. ऑफिसात नेटवर्क मिळेना म्हणून सुनावणीच्या दिवशी मॅडम शेडच्या दारातच लॅपटॉप घेऊन बसल्या. बोलणं इंग्रजीत होतं. नंतर त्यांनी अण्णाप्पांना सांगितलं, की न्यायाधिकरणानं पहिलाच प्रश्न विचारला: आधी वाढवून दिलेल्या नव्वद दिवसांत काय केलंत?

"मग तुमी काय सांगितलासा?"

"खरं तेच. पुष्कळ वेळ वाया गेला, हे कबूल केलं. आणि आता सौमित्रच्या बँकेची हमी हातात आहे, तीही दाखवली."

मुदत मिळाली. शेवटच्या रेघेपर्यंत, आणि पुन्हा येऊ नका अशी तंबी देऊन. या वेळी जिलबी कुणी वाटली नाही. सगळे कामाला लागले. सौमित्र रोज येऊन बसू लागला. रेघ ओलांडायच्या आत योजना मंजूर झाली. पुढं न्यायाधिकरणाचा शिक्काही बसला.

भट्टी पुन्हा पेटली त्या सकाळी सौमित्रनं अण्णाप्पांना मानानं बोलावलं. माझ्या केबिनमध्ये सम्राट नावाचा नवा चालक होता. त्याचा हात बरा आहे, शिकेल. लाल भांडं साच्यांवर रितं झालं, तेव्हा अण्णाप्पांनी वर पाहिलं. "ह्यो कोण? कृष्णात कुठं हाय?"

प्राचीमॅडम म्हणाल्या, "मी दोनदा फोन केला होता, अण्णा. पण तिकडे पगार सुरू झालाय. मुलीला तिथल्याच कॉलेजात घातलंय. आता नाही येणार म्हणाले."

कारखान्याला मुदत वाढवून मिळाली, पण कृष्णातच्या घराला मुदत देणारं न्यायाधिकरण कुठंच नव्हतं.

मित्रांनो, वाढीव वेळ मागण्यात लाज नाही. मी त्याच्यामुळेच आज तुमच्याशी बोलते आहे. पण तो वेळ कुणीतरी स्वतःच्या ताटातला काढून देत असतं. म्हणून कधी मुदत वाढवून मागाल, अभ्यासाची असो की कामाची, तर आधी बघा, दाराशी आपल्यासाठी कोण ताटकळत उभं आहे. आणि मिळालेल्या पहिल्याच दिवशी कामाला लागा. तेव्हा तो माणूस अजून गेलेला नसतो.