आईचा रकाना

पूनम गेली त्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती. महाळुंग्यातल्या कंपनीत शेजाऱ्यांचा फोन आला, वहिनी नळाजवळ पडल्यात. दवाखान्यात तासाभरात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, "हिमोग्लोबिन चारवर आलं होतं. घरी काय जेवायच्या?" सोळा वर्षांचा संसार, आणि मला सांगता येईना.

घरात एका वहीत ते लिहिलेलं होतं. पण खोटं, आणि माझ्या सांगण्यावरून.

माझी मुलगी स्वप्नाली नववीत आहे. शाळेत दर शनिवारी आहाराचा तास असतो. बचत गटाच्या सुमनताई आणि गावातली आशाताई तो घेतात. कडधान्याला मोड आणायला, शेवग्याचा पाला निवडायला शिकवतात. दिवाळीनंतर त्यांनी घरचा अभ्यास दिला. आठवडाभर घरात कोण काय जेवलं, प्रत्येकाचा रकाना आखून लिहा. माझा रकाना भरला, आजीचा भरला. आईचा कोरा.

"आई, तू काय जेवलीस?"

"लिही, पातेलं पुसून खाल्लं. ताई मार्क देतील," पूनम हसली. हसताना दम लागला म्हणून ओट्याला टेकली.

माझी आई शालनबाई म्हणाली, "बायामाणसांचं काय लिवायचं? उरलं ते आपलं. आमीबी तसंच काढलं."

"पण पप्पांचा डबा भरल्यावर उरतच नाही," स्वप्नाली म्हणाली.

मला राग आला. "घरातलं गावभर कशाला? माझ्या रकान्यातलं उतरव तिच्यात."

तिनं उतरवलं. मी सही केली.

ज्यांच्या वहीत आईचा रकाना कोरा निघाला, त्यांच्या घरी दोघी ताई गेल्या. बायकांना रक्त तपासायला घेऊन गेल्या. आमच्या वहीत पूनमचं ताट भरलेलं होतं. आमच्या दारी कुणी आलं नाही.

तेराव्यानंतर मी सुमनताईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, शनिवारी शाळेत या. मुलांच्या बापांना बोलावते. हे त्यांच्यासमोर सांगा." मी सांगितलं. दोघे जण मध्येच उठून गेले.

आता स्वयंपाक स्वप्नाली करते. मला वाढते, आजीला वाढते. मी म्हणतो, बस आमच्याबरोबर.

"तुम्ही घ्या पप्पा. मी बसते नंतर."

काल जिना चढताना ती मध्येच थांबली. कठडा धरून उभी राहिली.

उद्या तिला तपासायला नेणार आहे. आमच्याबरोबर जेवायला ती अजून एकदाही बसलेली नाही.