दोन पट्ट्यांमधला गंज

ट्रक माल भरून नुकताच बाहेर पडला होता आणि बसवेश उचगावचं आपलं आवार झाडत होता. ट्रकच्या जागी त्याला एक तपकिरी तुकडा दिसला. त्यानं तो उचलला. तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा होता, थरावर थर साचलेला, आणि त्याच्या एका अंगाला काळा रंग अजून चकाकत होता. नुसतं दाबताच त्याचा चुरा झाला.

तो काळा रंग फक्त चेसीला होता. चेसी म्हणजे सगळं ओझं पेलणारा खालचा सांगाडा. दर दसऱ्याला बसवेशचे वडील, चनबसाप्पा म्हणजेच आप्पा, तो रंग स्वतःच्या हातानं द्यायचे.

त्यानं जोतीरामला फोन लावला. रिंग नुसतीच जात राहिली. गाडी चालवताना हा ड्रायव्हर फोन उचलत नसे. एरवी बसवेश चारचौघांत याचं कौतुक करायचा.

"काय झालं?" आप्पा ओट्यावरून म्हणाले.

बसवेशनं हात पुढं केला. आप्पांनी चुरा बोटांवर चोळून बघितला.

"ह्यो आपल्या गाडीचा न्हाय."

"मग कुणाचा, आप्पा? रंग तुमचाच हाय की."

ट्रकमध्ये फरशी खच्चून भरली होती आणि तो गगनबावड्याकडं निघाला होता. पुढं करूळचा घाट होता. बसवेशनं मोटारसायकल बाहेर काढली, तोवर आप्पा मागं येऊन बसलेसुद्धा.

"तुम्ही कुठं?"

"चल म्हंतो न्हवं!"

कळे गाव मागं पडलं. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. कडेला कुठं चार माणसं गोळा झालेली दिसली की बसवेशचा हात आपोआप ब्रेकवर जायचा. त्याच्या डोळ्यांपुढून मासळी हलत नव्हती. दोन वर्षं तो परतीच्या फेरीला मालवणहून बर्फातली मासळी आणत होता. घरातल्या शाकाहारी माणसांना ते रुचत नव्हतं, पण रिकामा ट्रक घाट चढवणं त्याच्या जिवावर यायचं. रस्ताभर खारं पाणी चेसीवर ठिबकायचं. त्या वासानं आप्पा एरवी ट्रकजवळ फिरकत नसत, आणि बसवेश वरवर पाणी मारून मोकळा व्हायचा.

साळवणच्या पुढं जोतीरामच्या नेहमीच्या टपरीवर ट्रक नव्हता.

"पावणं, आत्ताच हलला की त्यो!" टपरीवाला ओरडला.

चढ लागला तसा ट्रक दिसला. बसवेशनं हॉर्न दाबून धरला. कुणीतरी वाट मागतंय असं समजून जोतीरामनं ट्रक कडेला घेतला, पण थांबवला नाही. शेवटी आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवायला सुरुवात केली. तोल जातोय की काय, म्हणून बसवेशनं हँडल घट्ट आवळलं. आरशात टॉवेल दिसला आणि ट्रक थांबला.

"काय वं मालक? घरी काय झालं?" जोतीराम घाबरून उतरला.

उत्तर द्यायच्या आत आप्पा ट्रकमधला पाना घेऊन पाठीवर सरकत ट्रकखाली गेले होते. त्यांनी चेसीवर पाना ठोकला. ठण्. ठण्. केबिनच्या मागं मात्र नुसतंच थप् झालं. त्यांनी पुन्हा ठोकलं, आणि रंगाची एक ढलपी त्यांच्या तोंडावर पडली. ढलपीखाली भेग होती, नख शिरेल एवढी, खालच्या काठापासून वर चढलेली.

"घाटात पहिल्याच दणक्याला..." जोतीराम रस्त्याकडेला खाली बसला.

आप्पा बाहेर आले, पण उठेनात. "ओल्यावरच रंग मारत आलो मी. वरनं झाकून टाकलं सगळं."

"मासळी मी आणली, आप्पा."

बसवेश दुसऱ्या ट्रकसाठी फोन करू लागला.

फरशी त्या ट्रकमध्ये गेली आणि आपला रिकामा ट्रक दोरानं ओढत शिरोलीला कृष्णात मिस्त्रीकडं आणला. चेसीच्या पट्टीला आतून दुसरी पट्टी जोडलेली होती. ती सोडवल्यावर मधून तपकिरी भुकटी ओंजळीनं गळाली. गंज फुगून त्यानं दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून ढकलल्या होत्या. कृष्णातनं सडलेला भाग कापून नवा तुकडा बसवला आणि उरलेलं वाळूच्या माऱ्यानं पांढरं होईतोवर घासलं.

बसवेशला दम निघत नव्हता. रोज सकाळी तो कृष्णातच्या कारखान्यात हजर. "आज जोडतोस का?"

"रंगाखालचा प्रायमर वाळू दे की. दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या अंगालाबी दिलाय. ओला जोडला तर हायतच आपलं पहिलं पाढं पंचावन्न."

ट्रक तयार झाल्यावर पहिली फेरी बसवेशनं स्वतः केली. करूळच्या प्रत्येक वळणाला कान खाली लावून तो जपून उतरला. चेसी एकदाही कुरकुरली नाही, तरी कणकवलीला पोहोचेपर्यंत त्यानं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. परतताना मालवणच्या बाजूला वळावं की नाही, यावर त्याचं मन किती वेळ मागंपुढं झालं. शेवटी वळला. मासळीच्या पेट्यांखाली जाड प्लास्टिक अंथरलं आणि पाणी मागं बादलीत उतरेल अशी नळी लावली.

मासळी उतरवून तो आवारात आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आप्पा नळाची पाइप घेऊन उभे होते, नाकाला टॉवेल बांधून.

"फुडं घे जरा," ते टॉवेलाआडून ओरडले. "हितनं खालचं दिसंना मला."

बसवेशनं ट्रक पुढं घेतला. आप्पांनी पाण्याची धार थेट चेसीच्या आतल्या अंगावर धरली.