उणे पाच किलो क्रीम

फळ्यावर मी फुली मारली तेव्हाच परीक्षकाच्या कपाळावर आठी पडली.

प्रश्न सरळ होता. अडतीस टक्के फॅटचं क्रीम आणि तीन टक्क्यांचं दूध मिसळून दहा टक्क्यांचं शंभर किलो मिश्रण करायचं. कोणतं किती घ्यायचं? युटलंडमधल्या आमच्या डेअरीत बावीस वर्षं मी हेच करते आहे. फुलीच्या दोन टोकांना अडतीस आणि तीन, मध्ये दहा, मग तिरकी वजाबाकी: सातास अठ्ठावीस, म्हणजे एकास चार. वीस किलो क्रीम, ऐंशी किलो दूध. तिथल्या म्हाताऱ्या थॉर्किलने वाफेने ओल्या झालेल्या भिंतीवर बोटाने काढून शिकवली होती ही फुली मला.

"उत्तर बरोबर आहे, डॅग्नी," परीक्षक म्हणाला. येस्पर त्याचं नाव, वय माझ्या थोरलीएवढं. "पण इथे दोन चलांची समीकरणं हवीत. ही नुसती युक्ती झाली."

"युक्ती कसली? क्रीम आणि दूध मिळून शंभर किलो, दोन्हींतलं फॅट मिळून दहा. तुझी दोन्ही समीकरणं या फुलीच्या पोटातच आहेत."

पास झाले तरच डेअरीमास्टरच्या कोर्सला घेणार होते मला. नाहीतर निवृत्तीपर्यंत मीच शिकवलेल्या पोरांच्या हाताखाली.

"बरं. याच दोघांतून आता सव्वा टक्क्याचं शंभर किलो करून दाखव."

"मिसळून नाही व्हायचं ते."

"बघ, अडकली तुझी फुली." त्याने स्वतःच समीकरणं मांडली, क्रीम क्ष, दूध य. क्ष आला उणे पाच, य एकशे पाच. "उणे क्रीम नसतं," असं म्हणून त्याने खाली लिहिलं: उत्तर नाही.

"नसतं कसं? रोज सकाळी काढते मी. एकशे पाच किलो दूध सेपरेटरला लावायचं, पाच किलो क्रीम तोटीतून बाहेर. उरलं शंभर किलो, सव्वा टक्क्याचं. अरे बाबा, तुझा क्ष खरं बोलतोय. तुझाच त्याच्यावर विश्वास नाही."

त्याने खडू खाली ठेवला.

"आणि उणे तीन गुण देता ना तुम्ही लोक परीक्षेत? ते चालतात, माझं क्रीम तेवढं चालत नाही."

मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांनी आत बोलावलं.

"सात," येस्पर म्हणाला. आमच्याकडे गुण उणे तीनपासून बारापर्यंत, दोनाला पास होतात. "आधीच समीकरणं मांडली असतीस तर दहा दिले असते."

"सात पुरेत."

"जाताना फळा पुसून जा."

मी 'उत्तर नाही' एवढंच पुसलं.