उलटा डेस्क

"तुझ्याच डेस्कात सापडली होती कॉपी, धम्मपाल! आता कशाला उकरून काढतो? उचल अन् टाक टेम्पोत!"

औताडे सर अजून तसंच बोट नाचवत बोलतात. नववीच्या वार्षिकला ह्याच बोटानं मला वर्गाबाहेर काढलं होतं. त्या दिवसापासून मी शाळेचं तोंड नाय बघितलं. आता भंगारवाल्याचा टेम्पो भरतो. आज नेमके मुकुंदवाडीच्या ह्याच शाळेतले जुने लाकडी डेस्क न्यायला आलो. वर दौतीचं भोक, कंपासनं कोरलेली नावं, खाली दप्तराचा कप्पा.

"सर, परीक्षेला डेस्क उलटे फिरवायला तुम्हीच लावायचे ना?"

"व्हय. कप्प्यातून कॉपी काढू नये म्हणून."

"मग बघा."

एक डेस्क उलटा फिरवला, मागं बाक ओढून बसलो. हात खाली घातला तर नुसती फळी. कप्प्याचं तोंड पलीकडं, पुढच्या पोराच्या पाठीकडं.

"माझा हात जातोय का कप्प्यात? कुणाचा जातोय? पुढं कोण होतं?"

पुढं शिवम होता. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू.

सर खिडकीकडं बघाय लागले. "मला त्याच दिवशी ध्यानात आलं होतं रे. पर अध्यक्षांच्या घरचं पोरगं... तू असं कर, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे."

त्याच दिवशी! अन् माझी माय दोन वर्षं झाली, भाकरी वाढताना बी म्हणती, "चोरून पास व्हाय निघाला व्हता." डोकंच सणकलं माझं. फोन काढला, मायला लावला, स्पीकरवर टाकला.

"काय रे? डबा इसरला का?"

"माय, औताडे सर हायेत. तुला कायतरी सांगायचंय त्यान्ला."

फोन सरांच्या हातात दिला. त्यांनी घसा खाकरला.

"नमस्कार ताई. पोरगं... लई मेहनती आहे तुमचं."

फोन माझ्या हातात कोंबला अन् सरळ ऑफिसात घुसले.

"एवढंच?" माय म्हणली.

मी फोन ठेवला अन् दोरी घेतली.

बाकीचे डेस्क जाऊ दे भंगारात. हा एक मी दोरीनं वेगळा बांधलाय. घरी नेऊन उलटा ठेवणार, मायला मागं बसवणार अन् म्हणणार, घाल हात.

टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. निघावंच लागंल आता.