वेगळ्या चुली

१९७४ साली नागपुरात मी संशोधनासाठी मागच्या जनगणनांच्या नमुना-नोंदींमधून कुटुंबं मोजत होते. एक चूल म्हणजे एक कुटुंब, हा नियम. कुही तालुक्यातल्या एका गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या फार निघाल्या. माझ्या मार्गदर्शक सरांनी गाव न पाहताच त्यांना निराधार ठरवलं. माझं डोकं फिरलं आणि मी गावच गाठलं.

त्या म्हाताऱ्यांपैकी पंचफुलाबाईंच्या चुलीवर भात शिजत होता, अंगणात नातवंडं दंगा करत होती.

"एकट्याच राहता?" मी विचारलं.

"एकटी काहून? सुनेच्या हातचं तिखट मले सोसत नाही, म्हून चूल वेगळी."

मग त्यांनी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं.

"तिथं एकाच चुलीवर नऊ जण जेवते. त्या बुढीसंग मात्र कोणीच बोलत नाही. तिले कशात धरलं वं पोरी?"