पाचवा प्रश्न

आमदारांच्या ऑफिसातला जयवंत चहाचा कप पुढे सरकवत म्हणाला, "ते पाचव्या प्रश्नाचं तेवढं गाळा. ट्रस्टींची नावं विचारून तुम्हाला काय मिळणार?"

सुगंधा राणेच्या मांडीवरची फाइल अजून उघडलीसुद्धा नव्हती. तिने विद्याधरकडे पाहिलं. तो कपाकडे पाहत होता.

अंधेरीचं पदव्युत्तर केंद्र बंद करून इमारत एका नव्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजला द्यायचं घाटतंय, अशी कुणकुण शहाऐंशीच्या जानेवारीत लागली होती. केंद्रात पस्तीसेक मुलं संशोधन करायची. बरीचशी दिवसा कुठे ना कुठे नोकरी करून संध्याकाळी प्रयोगशाळेत येणारी. पीएच.डी.ला असलेला विद्याधर त्यांच्यातला वडीलधारा. मोर्च्याने काही होत नाही, आमदाराने अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, हे त्यानेच शोधून काढलं. मग तो, सुगंधा आणि वेसाव्याचा लहू अशा तिघांनी बसून पाच प्रश्न लिहिले. पाचवा सुगंधाचा: नव्या कॉलेजच्या ट्रस्टवर कोणकोण आहेत? तो आधी कुणाला दाखवायचा नाही, आमदारांसमोरच काढायचा, असं ठरलं होतं.

आणि जयवंतला तो पाठ होता.

"तिघांतलंच कुणीतरी," बाहेर पडल्यावर विद्याधर म्हणाला. "मी नाही, तू नाहीस."

सुगंधाला मंगळवार आठवला. लहू याच ऑफिसच्या पायऱ्या उतरत होता आणि तिला पाहून पलीकडच्या फुटपाथला गेला होता. तिने ते सांगितलं मात्र, विद्याधरचा चेहरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत विद्याधरच्या देखत तिने लहूला थेट विचारलं. लहू सूक्ष्मदर्शकावरून उठला नाही.

"आईच्या ओट्याचं काम होतं. मासळीबाजारातली जागा काढून घेतायत तिची."

"मग मला पाहून तोंड का चुकवलंस?"

"आमदाराकडे हात जोडायला गेलो होतो, सुगंधा. ते काय सांगत फिरायचं?"

"पाचवा प्रश्न बाहेर फुटलाय," विद्याधर म्हणाला. "थोडे दिवस मीटिंगला नको येऊस, यार."

लहूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग काचपट्ट्या डब्यात भरल्या, डबा पिशवीत टाकला आणि निघून गेला. आठवडाभर केंद्राकडे फिरकला नाही.

एवढं होऊनही सुगंधाचं मन निवलं नाही. एकदा संशय घेतला की थांबायचं कुठे ते कळेना. आता विद्याधर जिन्यात कुणाशी हळू बोलला तरी तिचे कान टवकारायचे. नव्या कॉलेजात लेक्चरर लागणारच होते, आणि त्याचा प्रबंध होत आला होता. तिने मनाशी ठरवलं, सोमवारी एकटीने मुलुंडला जायचं. तिथले आमदार विरोधी पक्षाचे. पाचवा प्रश्न त्यांच्या हातात द्यायचा. विद्याधरला यातलं काही सांगायचं नाही.

शनिवारी जयवंतने दोघांना बोलावून घेतलं. "साहेब चार प्रश्न टाकायला तयार आहेत," तो म्हणाला. मग सुगंधाकडे वळून हसला. "तुम्ही सोमवारी मुलुंडला जा की, लोकशाही आहे. पण मग आमच्याकडे येऊ नका."

"मुलुंडला?" विद्याधर म्हणाला. "कधी ठरलं हे?"

विद्याधर तिच्याकडे आता तसाच पाहत होता, जसं दोघांनी मिळून लहूकडे पाहिलं होतं. तो उठला आणि रिक्षा करून एकटाच गेला.

ती मात्र चालत निघाली. मुलुंडचं नाव ती फक्त एकाच ठिकाणी बोलली होती. काल, बोरीवलीला घरी, जेवताना.

बाबा मिलमध्ये होते. संपात नोकरी गेली, दोन वर्षं घरी बसले. मग साकीनाक्याच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा मिळाली. रोज संध्याकाळी ते विचारायचे, आज काय झालां? आणि बाबांना आपल्या कामात रस आहे म्हणून तीही हुरळून सगळं सांगायची, कधी कधी प्रश्न वाचूनसुद्धा दाखवायची.

ती घरी पोचली तेव्हा बाबा युनिफॉर्मच्या शर्टाला बटण लावत बसले होते.

"बाबा, तुमची नोकरी कुणी लावून दिली?"

सुई थांबली. "जयवंतान."

"आणि तो तुम्हाला माझं विचारतो."

"इचारता. मी सांगतंय." त्यांनी मान वर केली नाही. "माका वाटला, सायबाच्या कानार तुझा नाव गेला तर तुझा भलाच होयत. तू काय चोरी करतंस, लपवूक?"

ती भांडायच्या तयारीने आली होती, पण त्या उत्तराशी कसं भांडायचं हे तिला कळेना. लहूला उगाच हाकललं, ते तिला आठवलं.

"मी सोमवारी मुलुंडला जाणारच आहे," ती शेवटी म्हणाली. "हेही सांगा त्याला. तुमची नोकरी जाईल कदाचित."

बाबांनी दोरा ओढला आणि दाताने तोडला. "दोन वर्सां घरात बसलंय, तेव्हा काय मेलंव? जा तू."

रविवारी ती वेसाव्याला गेली. लहू अंगणात जाळं शिवत होता. आई कृष्णाबाईने तिला बसायला पाट दिला. सुगंधाने काहीही न वगळता सगळं सांगितलं, बाबांचंसुद्धा.

"मग आता मी काय करू?" लहू म्हणाला.

"उद्या मुलुंडला चल."

"तुझ्याबरोबर नाही. मी तिथे दहाला पोचेन. तू तुझी ये."

आला तो. आमदारांनी दोघांना तासभर बसवून ठेवलं आणि तीनदा विचारलं, "तुमच्यामागे कोण आहे?" कुणी नाही, यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण प्रश्न त्यांनी ठेवून घेतला.

मार्चमध्ये तो सभागृहात आला. मंत्र्यांनी वाचलेल्या सात नावांत अंधेरीच्या आमदारांच्या मेहुण्याचं नाव तिसरं होतं. गदारोळ झाला, आणि केंद्र बंद करायचा निर्णय वर्षभरापुरता पुढे गेला. त्याच आठवड्यात साकीनाक्याच्या कारखान्याने बाबांना, आता वॉचमनची गरज नाही, म्हणून सांगितलं. विद्याधरने प्रबंध पुरा केला आणि तो दुसरीकडे नोकरीला लागला. कुठे, ते सुगंधाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

लहू केंद्रात परत आला, पण तिच्यापासून लांबचं, खिडकीजवळचं टेबल घेऊन. एकदा सुगंधाने विचारलं, "आईच्या ओट्याचं काय झालं रे?"

"कशाला विचारतेस? कुणाला सांगायचंय?" तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत राहिला.