एका बिगुलाची धास्ती

"यंदा एकवीस तारखेला लास्ट पोस्ट मशीनवर लावणार म्हणं. साहेबांनी स्पीकर मागवलाय. आन् ही जुनी पितळ सगळी..."

एवढंच कानावर आलं आणि बाहेर कुणीतरी ढोल बडवायला घेतला. बँडमास्तर मडिवाळप्पा स्टोअरवाल्याशी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण पुढचा एक शब्द ऐकू आला नाही. स्टोअरवाल्यानं मान डोलावली आणि आमच्या फळीकडे बघितलं. माझ्याकडेच बघितलं असं मला वाटलं. 

सोलापूरच्या पोलीस बँडमधला बिगुल बोलतोय मी. दुसऱ्यांच्या गोष्टीत नाक खुपसायची मला खोड आहे हे आधीच सांगून टाकतो. खिडकीजवळच्या फळीवर राहणाऱ्यानं दुसरं काय करायचं? पोलीस लाइनीत कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची बदली झालीय, सगळं मला माहीत असतं. पण ऐन माझ्या जिवावरची गोष्ट तेवढी अर्धी राहिली बघा.

माझा जन्म मेरठचा. तिथं एका अरुंद गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून, वळवून, तापवून घडवलं. त्या भट्टीची धग मी अजून विसरलो नाही. भुसा भरलेल्या खोक्यातून रेल्वेनं सोलापूरला आलो, त्याला तीसएक वर्षं झाली. इथं मला हिरवी गोंड्याची दोरी मिळाली आणि तिप्पण्णा मिळाला. तेव्हा तो नवा शिपाई होता, आता हवालदार आहे. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाला दुसऱ्याचे ओठ फार तर चार-पाच वेळा लागले असतील.

आम्ही दोघांनी लई समारंभ बघितले. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, एक मे. मोठे पाहुणे आले की विश्रामगृहासमोर सलामी. मानवंदनेचे शिपाई कसे पुतळ्यासारखे उभे असतात, तुम्ही लांबून बघता आणि कौतुक करता. मी जवळून बघतो. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. गुडघे फार ताठ धरले तर भोवळ येते, म्हणून बुटाच्या आत बोटं हलवत राहायची, हे जुने लोक नव्यांना हळूच सांगतात. पाहुणे घड्याळ बघतात, मागच्या रांगेतले जिलेबी कधी वाटणार ते बघतात.

पण सगळ्यांत अवघड दिवस एकवीस ऑक्टोबरचा. पोलीस स्मृतिदिन. वर्षभरात देशात जे जे पोलीस कर्तव्य बजावताना गेले, त्यांची नावं त्या सकाळी प्रत्येक मुख्यालयात वाचली जातात. इथं सोलापुरात तसंच, तिकडं दिल्लीत तसंच. शिपाई बंदुका उलट्या करून नळीचं टोक बुटावर टेकवतात आणि माना खाली घालतात. मग मी लास्ट पोस्ट वाजवतो, म्हणजे दिवस संपला, आता विसावा घ्या असं सांगणारी धून. त्यानंतर दोन मिनिटं कुणी हलत नाही. शेवटी मी राउज वाजवतो, म्हणजे उठा, पुन्हा कामाला लागा.

यंदाच्या यादीत तिप्पण्णाच्या भाच्याचं नाव होतं.

रेवणसिद्ध. थोरल्या बहिणीचा, मैंदर्गीच्या केराबाईचा मुलगा. पोलीस शिपाई. जूनच्या शेवटी मोठा पाऊस झाला. ओढ्याच्या पुलावर अडकलेली माणसं बाहेर काढताना तो वाहून गेला. सात जण वाचले, तो आठवा. मैंदर्गीला सरकारी इतमामात त्याला निरोप दिला तेव्हा मी तिथं होतो, पण तिप्पण्णाच्या हातात नव्हतो. मामानं खांदा द्यायचा की बिगुल वाजवायचा? त्यानं खांदा दिला. मला दुसऱ्या कुणी वाजवलं. चांगलंच वाजवलं, पण ते परक्याचं वाजवणं होतं.

ही गोष्ट केराबाईंच्या मनात राहिली. समारंभाला नऊ दिवस उरले असताना त्या सोलापुरात भावाकडे आल्या. त्या दिवशी तिप्पण्णानं मला सरावासाठी पिशवीत घालून घरी नेलं होतं. कोपऱ्यातल्या खुंटीवरून मी सगळं ऐकलं.

"तम्मा," केराबाई म्हणाल्या. धाकट्या भावाला त्या कन्नडमधूनच हाक मारतात. "त्या दिवशी तुझा सूर न्हाई मिळाला माझ्या लेकराला. ह्या एकवीस तारखेला तूच वाजव. दुसऱ्या कुणाला हात लावू दिऊ नगंस."

"मीच वाजवणार की अक्का. दुसरं कोन हाय?"

"मग जेव आधी. तोंड बघ कसं सुकलंय. मी भाकरी आनल्याती."

गावाकडनं त्यांनी कडक भाकरीची चळत आणली होती. शेंगाचटणी पण होती. तुम्हाला सांगायला नको, ज्वारीची ती पातळ वाळवलेली भाकरी आमटीत चुरून खायची असते. शहाणा माणूस ती कोरडी पुढच्या दातांनी तोडत नाही, आणि ज्याचा पुढचा वरचा दात महिनाभर हलतोय त्यानं तर नाहीच नाही. पण आमटी अजून चुलीवर होती आणि अक्का समोर टक लावून बसली होती. मुलगा गेल्यापासून तिनं स्वतः धड खाल्लं नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून तिप्पण्णानं भाकरीचा मोठा तुकडा घेतला आणि कडकन तोडला.

भाकरी तुटली. दातही तुटला.

त्यानं आवाज केला नाही. दात भाकरीसकट मुठीत धरला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं मोरीत गेला. त्याच्या बायकोनं, गुरम्मानं, ते बरोबर पाहिलं. मागोमाग गेली.

"बघू. यप्पा! आता वो? वाजवनार कशानं?"

"हळू बोल. अक्काला कळलं तर भाकरी आनली म्हनून कपाळ बडवून घील ती."

"दाताच्या डाक्टरकडं चला."

"त्यो म्हनंल हिरडी भरू दे, मग बशीवतो. नऊ दिवसांत कुटं भरतीय?"

पुढचा दात बिगुलवाल्याचा अर्धा जीव असतो. ओठाला मागून त्याचाच टेकू. तो टेकू गेला की ओठ आत जातो, वारा भलतीकडून निसटतो आणि वरचा सूर फाटतो. मला हे पक्कं माहीत होतं.

आता ती अर्धी बातमी कुठून उठली ते ध्यानात आलं असेल. गुरम्मानं शेजारणीला सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून बजावून. पोलीस लाइनीत एवढं पुरतं. दोन दिवसांत साहेबांपर्यंत दात पोचला आणि तिसऱ्या दिवशी मडिवाळप्पा स्टोअरवाल्याशी मशीनचं बोलत होते.

त्या दिवसापासून मला झोप नाही. कुणी पोतं घेऊन आत आलं की ते माझ्यासाठीच असं वाटायचं. आमच्यातला एक चेपलेला बिगुल मागं भंगारात गेला, त्याचा लोटा झाला असं स्टोअरवाला हसत सांगतो. लोटा व्हायलाही हरकत नाही हो, माणसाच्या उपयोगीच पडतो. पण मधे पुन्हा ती भट्टी आहे.

तिप्पण्णा रोज पहाटे मला कंबर तलावाच्या काठी न्यायचा. आधी मधोमध धरून बघितलं, नुसता वारा फसफसला. मग त्यानं मला उजवीकडे सरकवलं, जिथं दात शाबूत होते. तीस वर्षांची सवय मोडून तिरका वाजवायला लागला. खालचे सूर आले. वरचा सूर दहात चार वेळा यायचा. उरलेल्या सहा वेळा तो असा चिरकायचा की काठावरचे बगळे उडायचे. फिरायला येणारे एक गृहस्थ थांबून म्हणाले, "हवालदार, लगीनसराई अजून लांब हाय की!" तिप्पण्णा हसला. तोंड मिटून हसला.

दहात चार. घरी जाताना मी पिशवीत तेच मोजत राहायचो. त्याचे हात गार असायचे. धास्ती मला एकट्याला नव्हती.

आदल्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावलं. मी काखेत होतो.

"तिप्पण्णा, दाताचं मला कळलंय. उद्या देशभर हा कार्यक्रम आहे, समोर शहिदांच्या घरचे बसणार. तिथं चूक नको. मशीन आणलंय."

"साहेब, माझ्या बहिनीला शब्द दिलाय."

साहेबांनी समोरच्या यादीतल्या रेवणसिद्धच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरं, तूच वाजव. मडिवाळप्पा मशीनपाशी उभे राहतील. अडकलास तर डाव्या हाताचं बोट वर कर. लाज बाळगू नकोस."

सकाळी मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, मधे स्मृतिस्तंभ, फुलांची चक्रं. टेबलावर तो काळा स्पीकर, आणि बटणावर मडिवाळप्पांचं बोट. पहिल्या रांगेत केराबाई, डोक्यावर पदर, मांडीवर हात. नावं वाचायला सुरुवात झाली. एकेका राज्याची नावं. इतकी नावं की शिपायांच्या बुटांतली बोटंसुद्धा थांबली असावीत. महाराष्ट्र आला. रेवणसिद्धचं नाव आलं. केराबाईंनी हुंकार दिला, घरात हाक मारल्यावर आई देते तसा.

"शोक शस्त्र!" हुकूम सुटला आणि बंदुका उलट्या झाल्या.

तिप्पण्णानं मला उचललं, उजवीकडे सरकवलं आणि श्वास घेतला. खालचे सूर सरळ निघाले. मी स्वतःला घट्ट धरून होतो. मग चढण आली. वरचा सूर अर्धा निघाला आणि तुटला. चिरकला नाही, सरळ तुटला.  मडिवाळप्पांचं बोट बटणावर आणखी खाली गेलेलं मला दिसलं. तिप्पण्णाचं बोट मात्र वर गेलं नाही. एक श्वास, दुसरा श्वास, आणि त्यानं तोच सूर पुन्हा खालून उचलला, हळू, जसा म्हातारा माणूस जिना चढतो. तो सूर पोचला. धून पुरी झाली.

दोन मिनिटांच्या शांततेत माझ्या तोंडाला रक्ताची चव आली. त्याचा ओठ फुटला होता. राउजची वेळ झाली तेव्हा त्यानं बोट वर केलं. राउज मशीननं वाजवला. एकही चूक नाही, अगदी स्वच्छ.

कार्यक्रम उरकल्यावर केराबाई आल्या. तिप्पण्णानं तोंडावर रुमाल धरला होता.

"मधी थांबलास तू," त्या म्हणाल्या. "मामाचा गळा दाटला, हे कळलं असंल बघ त्याला."

तिप्पण्णा रुमालामागून म्हणाला, "व्हय अक्का."

तो दात होता की गळा? मी त्याच्या ओठांना चिकटलेला होतो, तरी मला खात्रीनं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोअरवाला पोतं घेऊन आलाच. दोन चेपलेले बिगुल आणि चिरलेला एक भोंगा त्यानं आत टाकला. माझ्यावर हात ठेवला. मडिवाळप्पा दारातून म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ दे. लास्ट पोस्टला लागतोय. बाकी सगळं आता मशीनवर." पोतं दाराबाहेर ओढत नेलं, तेव्हा माझे दोन सोबती आत एकमेकांवर आपटत होते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणजे मी वर्षातून एकदा. तेही तिप्पण्णा निवृत्त होईपर्यंत, त्याला दोन वर्षं आहेत. त्यानंतरचं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि ऐकायची हिंमतही नाही. तोवर तुम्ही कधी अशा मैदानाच्या कडेला उभे असाल आणि एखादा सूर मधेच तुटला, तर हसू नका बाबांनो. तो परत वर येईपर्यंत जरा थांबा.